सिस्टर, एक विचारू?

*वाचकांच्या पत्रांना या सदरात उत्तरं देतात यवतमाळ जिल्ह्यातल्या एक निवृत्त आरोग्य सहायिका. १९८८ साली एएनएम (गावपातळीवरची नर्स-दाई) म्हणून लागल्या, २०२२ साली निवृत्त झाल्या. सगळी नोकरी उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत.*

प्रश्न : सिस्टर, मी चार महिन्यांपूर्वी महागाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून रुजू झाले. बीएस्सी नर्सिंग झालंय, पण वॉर्डाबाहेर कधी काम केलेलं नाही. आता पावसाळा तोंडावर आलाय. इथल्या जुन्या आशाताई सारखं म्हणतात, "मॅडम, गॅस्ट्रोची साथ आली का मंग समजन तुमाले." पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं असतं? तुम्हाला भीती वाटली होती का? पुस्तकातलं नको, तुमचं सांगा.

उत्तर : पोरी, भीतीचं मागाहून सांगते. आधी पहिला दिवस, कारण तो मी चुकवला होता.

आषाढ होता. सोयाबीन वीतभर वर आलेलं, गावोगाव निंदणाची घाई. सकाळी साडेसहाला आशाचा फोन आला. "बाई, खालच्या पुऱ्यात चार-पाच जन रातपासून ढाळ-वांतीनं पडले. एक पोरगी तं उठूनच नाही राहिली." गाव केंद्रापासून अकरा किलोमीटर, मधात नाला. पिशवीत ओआरएसची पाकिटं आणि आरएलच्या (रिंगर लॅक्टेट, सलाईनचाच एक प्रकार) दहा बाटल्या कोंबल्या आणि नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसले.

उतरल्या उतरल्या कळलं की आदल्या दिवशी गावात तेरवी झाली. झालं, माझ्या डोक्यात विषबाधाच बसली. मग तीन तास मी बुंदी कोणी पाडली, वरण किती वाजता उतरवलं, हेच विचारत हिंडले. उरलेली बुंदीसुद्धा डब्यात भरून घेतली, तपासणीला म्हणून. साडेदहाच्या सुमारास एका घरात खाटेवरची आजी दिसली. कमरेचं हाड मोडल्यापासून दोन वर्षं खाटेवरच होती. तिलाही ढाळ. मी विचारलं, "आजी, तेरवीचं काय खाल्लं?" तर म्हणते, "मले कोन देते वं बुंदी? दात तरी आहे का मले? चहा अन् पानी, बस."

तेव्हा कुठं ट्यूब पेटली. एका पाठकोऱ्या टॅली शीटवर गावाच्या गल्ल्या काढल्या आणि आजारी घरांवर फुल्या मारत गेले. सगळ्या फुल्या शाळेच्या खालच्या अंगाला पडल्या. वरच्या पुऱ्यातले लोक तेरवीला दोन-दोनदा वाढून घेऊन खणखणीत होते. खालच्या पुऱ्याचे नळ एकाच व्हॉल्व्हवरून जातात. त्या व्हॉल्व्हचा खड्डा नालीला लागून, वर झाकण नाही, पावसानं तुडुंब भरलेला. आत काय तरंगत होतं ते मासिकात लिहीत नाही.

हे तू नीट समजून घे, तुझ्या तालुक्यातही हीच माती आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते. त्या ओढाताणीत पाइपांचे जोड ढिले होतात. नळ येतो दिवसाआड, तासभर. पाणी चालू असेस्तोवर जोडातून बाहेर गळतं. बंद झालं की पाइप रिकामा होताना बाहेरचं आत ओढतो. पुढच्या वेळी नळाला जो पहिला हंडा लागतो, तो नालीचा असतो. आणि गंमत बघ, एप्रिलच्या पाण्याच्या सर्वेक्षणात त्या ग्रामपंचायतीला हिरवं कार्ड, म्हणजे पाण्याला धोका नाही असा शेरा, मिळालेला! विहीर स्वच्छ, टाकी धुतलेली, टीसीएलचा, म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरीचा, साठा भरपूर. खड्ड्यात कोण वाकून बघते?

बारा वाजेपर्यंत अठ्ठावीस झाले. सगळ्यांना शाळेत आणलं. गुरुजींनी पोरांना सुट्टी दिली, बाकं ओसरीत काढली आणि भिंतीवरच्या थोरामोठ्यांच्या तसबिरी एकेक उतरवून, उपरण्यानं पुसून कपाटात ठेवल्या. आम्हाला खिळे मोकळे हवे होते. त्या खिळ्यांना सुतळीनं सलाईन टांगलं, उरलेलं खिडकीच्या गजांना.

त्या उठत नसलेल्या पोरीचा हात मी हातात घेतला तो अजून आठवतो. बोटांची टोकं अशी सुरकुतलेली, जशी दिवसभर धुणी धुतल्यावर होतात. अकरा वर्षांची पोर आणि हात म्हातारीचे. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर तशीच उभी राहिली. डोळे खोल गेलेले, मनगटाला नाडी लागेना. परसाकडं तांदळाच्या धुवणासारखं, वास मासळीसारखा. असं दिसलं की कॉलरा समजून कामाला लाग, प्रयोगशाळेची वाट पाहत बसू नको.

वॉर्डात तुला थेंब मोजायला शिकवलं असेल. इथं नाडी हरवलेल्या माणसाला धार सोडायची असते. पन्नास किलोच्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासात दीड लिटर आरएल, म्हणजे पाचशेच्या तीन बाटल्या. पुढच्या अडीच तासांत आणखी सात. तीन तासांत दहा बाटल्या! नव्या पोरींचा हात इथंच थबकतो, "एवढं कसं द्यायचं" म्हणून. वर्षाच्या आतल्या लेकराला हेच माप सावकाश, सहा तासांत. कुपोषित लेकरू, हृदयाचा पेशंट यांचं डॉक्टरला विचारून. पण बाकीच्यांना हळूहळू देशील तर माणूस हळूहळू जाईल.

आमचे डॉक्टर बाँडवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर आलेले, पंचविशीचे, मुंबईकडचे. दुपारी एकदा शाळेच्या मागं जाऊन भडभडून ओकले, हातपंपावर चूळ भरली आणि काही न बोलता परत येऊन बसले. रात्री दोनला टॉर्चच्या उजेडात एका बाईची शीर शोधत होते. तीनदा टोचलं. मग माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, "सिस्टर, मला मिळत नाहीये. तुम्ही बघता?" मी घोट्यापाशी धरली. त्या "तुम्ही बघता?"साठी त्यांना माझे शंभर गुन्हे माफ. शीर न सापडता नुसता रुबाब करणारे मी बरेच पाहिलेत.

रात्री नऊला सात बाटल्या उरल्या होत्या. आमचा ड्रायव्हर दोन शेजारच्या केंद्रांवरून खोकी घेऊन पुरातून परत येईस्तोवर ओआरएसवर निभावलं. नाडी लागणाऱ्यांचं सलाईन काढलं आणि घरच्यांच्या हातात वाटी-चमचा दिला. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडचं सलाईन असंच संपत आलं होतं. त्यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांकरवी पाजलं, आणि तीस टक्क्यांवर गेलेलं मरण चार टक्क्यांच्या खाली आलं. हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, पटलं त्या रात्री. फक्त पाकीट कसं कालवतात तिथं उभी राहून बघ. लोक ग्लासात अर्धं पाकीट टाकतात, शक्ती लवकर यावी म्हणून! अख्खं पाकीट, एक लिटर पाणी. लिटरच्या बाटलीचं माप दाखव, "अंदाजे तांब्याभर" म्हणू नको.

आणखी एक चूक झाली तीही सांगते. घाईत पहिल्या दहा-बारा जणांना डॉक्सीसायक्लिन (जंतू मारायची गोळी) देऊन बसले आणि मग शौचाचे नमुने घ्यायचं आठवलं. नमुना आधी, गोळी नंतर. दुसऱ्या दिवशी वरून एका साहेबांचा फोन आला, "रिपोर्ट येईपर्यंत कॉलरा हा शब्द कुठं लिहू नका, अतिसार लिहा." कागदापुरतं त्यांचंही खोटं नव्हतं, प्रयोगशाळेनं म्हटल्याशिवाय तसं लिहिता येत नाही. पण त्यांच्या आवाजात काळजी शब्दाचीच जास्त होती. गावातल्या म्हाताऱ्यांना कोणाचा रिपोर्ट नको होता. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी मरीमायपुढं नारळ फोडलं होतं. (मी अडवलं नाही. नारळाचं पाणी काही वाईट नसतं.)

पाच दिवसांत ९३ पेशंट झाले. ९२ घरी गेले.

एकाचं सांगायचं राहिलं. पहिल्या दिवशी दुपारी मी फुल्या मारत गेले, तेव्हा खालच्या पुऱ्याच्या टोकाचं एक दार ओढून घेतलेलं होतं. कडी वरून लावलेली नव्हती. मला वाटलं, निंदणाला गेले असतील. शीटवर त्या घराचा चौकोन कोरा ठेवून मी पुढं गेले. घरचे खरंच निंदणाला गेले होते. आत म्हातारा होता. त्याला पहाटेपासून लागली होती. सकाळी गावात येणाऱ्या बंगाली डॉक्टरनं (पदवी-बिदवी नसलेला) एक सुई आणि लाल रंगाची एक बाटली लावली होती, त्यानं बरं वाटलं म्हणे. त्यानंच घरच्यांना सांगितलं, "मले काही नाही झालं, तुमी जा, तन वाढून राहिलं." उशाशी पाण्याचा गडवा ठेवून ते गेले. त्याच नळाचं पाणी. संध्याकाळी सहाला त्याला खाटेसकट शाळेत आणलं. दोन्ही हातांना धार सोडली, डॉक्टरांनी काही बाकी ठेवलं नाही. साडेआठला गेला.

मी दुपारी एकच्या सुमारास त्या दारासमोर उभी होते.

शाळेत जे येतात त्यांच्याभोवती दहा माणसं असतात, त्यांचं होऊन जाते. तू तुझ्या सर्वेक्षणाच्या वहीत एक रकाना आखून घे, 'दार बंद'. दिवस मावळायच्या आत त्या प्रत्येक घरी परत जा, कडी वाजव, कोणी बोललं नाही तर दार लोट. कोणी रागावलं तर माझं नाव सांग.

आणि भीतीचं विचारलंस ना? त्या पाच दिवसांत सुचलीच नाही. नंतर महिनाभर घरच्याच माठातलं पाणी पिताना हात थांबायचा. अजूनही कोणाकडं गेले की ग्लास आधी उजेडात धरते. जावयाच्या घरी त्यावरून एकदा रुसवेफुगवे झालेत.

प्रश्न : आमच्या गावात पावसाळ्यात विहिरीत टीसीएल टाकतात. त्या वासानं चहाची चव जाते. बायका म्हणतात, हे पाणी पिऊन पोरं होत नाहीत. बऱ्याच जणी नाल्याच्या झिऱ्याचं पाणी आणतात. खरं काय? — एक गृहिणी, दारव्हा तालुका

उत्तर : ताई, टीसीएलनं पोरं होत नसती तर आपल्या जिल्ह्यातल्या अर्ध्या शाळा ओस पडल्या असत्या. हीच अफवा मी पोलिओच्या डोसाबद्दल ऐकली, मग कोविडच्या लसीबद्दल ऐकली. अफवा जुनीच, फक्त औषध बदलते.

वासाची तक्रार मात्र खरी आहे, आणि बरेचदा चूक टाकणाऱ्याची असते. हिशोब असा : हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम पावडर. चार मीटर रुंदीच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल, तर ते झालं साधारण ३७,७०० लिटर. त्याला पावडर लागते जेमतेम ९५ ग्रॅम, म्हणजे दीड-दोन मुठी. आमच्याकडं घमेलंभर ओतताना मी डोळ्यांनी पाहिलंय, "एकदाचं टाकून देतो" म्हणत. त्या दिवशी चहा कशाला, डोळेही झोंबतात. आणि पुढचे पंधरा दिवस काहीच नाही.

पावडर सरळ फेकायचीही नसते. बादलीत थोड्या पाण्यात कालवून ठेवायची, चुना तळाशी बसू द्यायचा आणि वरची निवळी विहिरीत सोडून पोहऱ्यानं पाणी ढवळायचं. तासभर कोणी उपसायचं नाही. मग ओटी टेस्ट, पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची : नळीतल्या पाण्यात त्या औषधाचे दोन-चार थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा. तुमच्या ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडं हे सामान असते, एकदा समोर करायला लावा. गोणी फाटलेली, ओल लागलेली असेल तर पावडरीतला क्लोरीन उडून जातो, उरतो तो नुसता चुना. वास येत नाही म्हणून बायका खूश, आणि पाणी जसंच्या तसं.

हलका वास आला तर पाणी भरून तोंडाला फडकं बांधलेल्या भांड्यात रात्रभर ठेवा, सकाळी चहा बिघडत नाही. झिऱ्याचं पाणी दिसायला काचेसारखं असते, कबूल. पण वरच्या अंगाला पहाटे कोण तांब्या घेऊन बसते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

प्रश्न : माझी आई ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स होती, यंदा निवृत्त झाली. कोरोनाच्या दोन्ही लाटांत तिनं सुट्टी घेतली नाही. त्याबद्दल ती एक शब्द बोलत नाही. विचारलं की "झालं ते गेलं" म्हणते आणि उठून जाते. रात्री कोणाचाही फोन वाजला की उठून बसते. मी पुण्यात नोकरीला आहे, महिन्यातून एकदा घरी येतो. तिच्याशी कसं बोलू? — एक मुलगा

उत्तर : भाऊ, आईला "तुला काय वाटलं" असं विचारू नका. आम्हाला तो प्रश्न कळतच नाही. ड्युटीत काय वाटलं ते लिहायला रकाना नसतो.

माझं थोडं सांगते, त्यातून काही मिळालं तर बघा. दुसरी लाट आपल्या भागात आधी आली. अमरावतीत २२ फेब्रुवारी २०२१पासून पुन्हा टाळेबंदी लागली, तेव्हा बाकीचा महाराष्ट्र लग्नं लावत होता. मला एका वसतिगृहातल्या कोविड केअर सेंटरला घातलं होतं. एप्रिलमधलं आपलं ऊन, वर पत्रे, अंगात किट. चेनवर चिकटपट्टी, गॉगलला आतून साबण चोळलेला तरी धुकं. सहा तास पाणी नाही, कारण लघवीला जायचं तर किट वाया. पाळी आलेल्या पोरींचं काय होत असेल ते तुम्ही मुलगा असून समजून घ्या.

पेशंटचे डबे घरून यायचे, फाटकाशी ठेवायचे, वर नावाची चिठ्ठी. एका गृहस्थांचा ऑक्सिजन रात्री उतरला. बोटाला मशीन लावलं तर ८४, आणि ते मला कापसाचा भाव सांगत होते. दम लागत नाही म्हणून जायला तयार नाहीत. "मशीन खराब आहे तुमची," म्हणाले. मी माझ्या बोटाला लावून दाखवलं, ९८. मग बसले १०८मध्ये. यवतमाळला पोहोचून पहाटे गेले. सकाळी नऊला फाटकाशी त्यांचा डबा आला होता. घरी अजून निरोप गेला नव्हता. चिठ्ठीत नावाखाली लिहिलेलं, "मिरची कमी टाकली आहे."

त्या डब्याचं मी काय केलं, हे मी तीन वर्षं कोणाला सांगितलं नाही. इथंही सांगत नाही. तुमच्या आईपाशीही असं काहीतरी असेल, आणि ते तुम्हाला कळलंच पाहिजे असं नाही.

फोनचं मात्र मनावर घ्या. रात्री दचकून उठणं, झोप न लागणं हे वर्षानुवर्षं चालू असेल तर त्यावर उपाय आहे. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. आई स्वतः लावणार नाही, नर्स कधी स्वतःला पेशंट म्हणत नाही. आधी तुम्ही लावा, "आईला कसं तयार करू" एवढंच विचारा. तुम्ही घरचा फोनही ठरावीक वेळेला, दिवसाउजेडी करत जा.

बोलायचं म्हणाल तर पुढच्या खेपेला आल्यावर तिच्याजवळ शेंगा सोलायला नाहीतर तांदूळ निवडायला बसा. हात गुंतलेले असू द्या आणि लहानसं काहीतरी विचारा. माझी पोरगी दिवाळीला आली होती. पडवीत तुरीच्या शेंगा सोलता सोलता तिनं सहज विचारलं, "आई, त्या वर्षी तू ड्युटीवरून आल्यावर चपला कुठं काढायचीस?"

मी म्हटलं, "गोठ्यापाशी. टीपाच्या मागं." मग टीपाचं निघालं, टीपातल्या पाण्याचं, त्यात भिजत घातलेल्या साड्यांचं, नातू दारातून हात पुढं करायचा त्याचं. शेंगा कधीच संपल्या होत्या. ती नुसती टरफलं चाळवत बसली होती.